नऊवर थांबलेली बिअर

आमच्या घरमालकांच्या घरात पाच घड्याळं होती आणि प्रत्येकाखाली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली 'दोन मिनिटं पुढे'. जिन्यातल्याखाली 'आठवड्याला चार मिनिटं मागे पडतं'. दुरुस्त का करून घेत नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"चूक किती आहे ते माहीत असलं की घड्याळ बरोबरच असतं," ते म्हणाले.

थर्मामीटरांनाही अशाच चिठ्ठ्या होत्या. माझ्या न्हाणीघराच्या दारावर एक होती: 'गरम पाणी अकरा मिनिटं.' मला ती घरमालकाची ताकीद वाटली. एकदा डोक्याला साबण लावून उभा असताना बाराव्या मिनिटाला पाणी बर्फासारखं झालं, तेव्हा कळलं की ती ताकीद नव्हती, माहिती होती.

मी रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा खोली मिळेना. फोनवर माझं नाव ऐकलं की लोक खोली गेली म्हणायचे. यांनी मात्र दोनच प्रश्न विचारले: शिक्षण काय, आणि सकाळी किती वाजता उठता. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे म्हटल्यावर त्यांनी टपालपेटीवर माझ्या नावाची पट्टी लावली आणि नावाच्या आधी 'हेर इंजेन्योर', म्हणजे इंजिनिअरसाहेब, असं छापलं. मी तिचा फोटो घरी पाठवला. माझे वडील तालुक्याच्या गावात कापडाच्या दुकानात तीस वर्षं गठ्ठे उलगडत होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. तो फोटो पाहायला वडील नव्हते, पण आईने तो गल्लीतल्या प्रत्येकाला दाखवला. या माणसाबद्दल पुढे जे लिहिणार आहे, ते त्या पट्टीचे उपकार लक्षात ठेवून लिहितो आहे.

ते निवृत्त बॉयलर तपासणीस होते. उंच, वाकलेले, दाढी रोजच्या रोज. पत्नी वारलेली, मुलगी हॅनोव्हरला शाळेत शिक्षिका. वर्षातून एकदा, ऑक्टोबरमध्ये, ते केलरमध्ये, म्हणजे घराखालच्या तळघरात, तीस लिटर काळी, कडक बिअर करायचे. त्या दिवशी टाय लावायचे. शेजारच्या बव्हेरियन आजोबांना ती बिअर मान्य नव्हती. ते कुंपणावरून विचारायचे, "काय, झालं का सूप?" हे उत्तर द्यायचे, "तुम्ही जे पिता ते मी मोजायलाही घेणार नाही."

मी दारू घेत नाही. पहिल्या वर्षी त्यांनी मला चमचाभर चाखायला लावली. जळक्या काकवीत मनुका कुस्करल्यासारखी चव होती. "अशी व्हायला एक वर्ष बाटलीत पडून राहावं लागतं," ते म्हणाले. "माणसाला इतका वेळ द्यायला कोणी तयार नसतं."

यीस्टशी ते अहो-जाहो करत. माल्टच्या काढ्यात यीस्ट ओतल्यावर पिंपाच्या टोपलीएवढ्या झाकणाजवळ वाकून म्हणत, "आल्झो," म्हणजे चला तर, "आता तुम्ही सुरू करा." दुकानात पोरसवदा गिऱ्हाईकंही माझ्या वडिलांना अरे-तुरे करायची. इथे बुरशीलासुद्धा मान होता.

पहिल्या वर्षीचा तो रविवार मला आठवतो. बिअर घालून दुसरा दिवस. सकाळी अकराच्या सुमारास खालून मोठा आवाज झाला. मी धावत गेलो तर पिंपाचं झाकण उडून छताला आपटलं होतं आणि तपकिरी फेस भिंतीवरून ओघळत होता. हे मध्ये उभे, टायवर फेस, चेहऱ्यावर आनंद. "बघा काय ताकद आहे!" मग त्यांनी मला कामाला लावलं. केलरची खिडकी उघडायची, शंभर मोजायचे, मगच आत थांबायचं, कारण आंबताना निघणारा वायू खाली साचतो आणि माणसाला कळायच्या आत आडवं करतो. मग झाकणातून एक जाड नळी काढून ती पाण्याच्या बादलीत सोडायची, म्हणजे फेसाला वाट मिळते. आणि पिंपाभोवती ओले टॉवेल, दर तासाला बदलायचे.

"ती एवढी जोरात चाललीय तर चालू द्या ना," मी म्हणालो.

"सुरुवातीला सगळेच जोरात असतात. आता गरम होऊ दिली तर अशी दारू होईल की पिणाऱ्याचं डोकं दोन दिवस ठणकेल. पहिले तीन दिवस आवरायचं. खरा प्रश्न तिसऱ्या आठवड्यात येतो. साखर उरलेली असते, दारू वाढलेली असते, यीस्ट दमलेली असते. तेव्हा ढकलावं लागतं. कधी ढकलायचं ते कसं कळतं?"

"अनुभवाने?"

"काट्याने. अनुभव थापा मारतो."

काटा म्हणजे काचेची एक तरंगती नळी. नमुना काढून त्यात ती सोडली की बिअरमध्ये किती गोडी उरली ते तिच्यावर वाचता येतं. त्यांची बिअर बाविसावर सुरू व्हायची आणि पाचावर थांबायची. मधल्या सगळ्या आकड्यांचा ते स्वयंपाकघरात चौकटीच्या कागदावर पेन्सिलने आलेख काढायचे.

दुसऱ्या वर्षी त्यांची फुप्फुसं गेली. दिवाणखान्यात ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्याच्या नळीची लांबी त्यांनी स्वतः मोजली: बारा मीटर. ती केलरच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत पोचायची, पुढे नाही. खाली चौदा पायऱ्या होत्या.

सप्टेंबरात मुलगी आली. स्वयंपाकघरात माझ्यादेखत म्हणाली, "पपा, वृद्धाश्रमात, त्या हाइममध्ये, तुझं नाव घातलंय. जागा आहे. तू इथे राहायचं म्हणतोस, ठीक आहे. पण एकदा जरी केलरमध्ये उतरलास, तर त्याच आठवड्यात तुला नेणार."

"बिअर कोण करणार?"

"कोणी नाही."

"हेर इंजेन्योर करतील. मी खुर्चीत बसेन."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही लक्ष ठेवाल? उतरला तर मला फोन कराल?" मी हो म्हणालो. त्या घरातून जाणं त्यांना मरणापेक्षा वाईट वाटत होतं, हे मला तोवर कळलं होतं. हाइम हा शब्दही ते उच्चारत नसत, 'ते तिकडचं' म्हणत.

ती गेल्यावर मी त्यांना विचारलं, "ही बिअर तयार व्हायला वर्ष लागणार. तुम्ही..." आणि थांबलो.

"मी नसेन. गेनाऊ, अगदी बरोबर."

"मग कोणासाठी करायची?"

"हा काय प्रश्न आहे? बॉयलर मी कोणासाठी तपासत होतो?"

विजेच्या मोठ्या पातेल्यात आम्ही माल्टचा काढा केला. ते टाय लावून खुर्चीत बसले होते, नाकात नळी. मी बादल्या खाली नेल्या. यीस्ट ओतताना त्यांनी वरून ओरडून सांगितलं, "त्यांना नमस्कार सांगा माझा!" आणि त्यानंतर पाच मिनिटं खोकत राहिले.

रोज साडेचारला मी कामावरून आलो की आधी केलर. खिडकी, शंभर, नमुना, काटा. वर येऊन आकडा सांगायचा. ते आलेखावर टिंब टाकायचे आणि न चुकता विचारायचे, "तुम्ही स्वतः वाचलंत?" तिसऱ्या दिवशी पंधरा. सातव्या दिवशी अकरा. बाराव्या दिवशी नऊ. तेराव्या दिवशीही नऊ.

तेराव्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला. "पुन्हा जा." मी पुन्हा गेलो. नऊच. ते उठले, नळी ओढत केलरच्या दारापर्यंत गेले आणि कडीवर हात ठेवून उभे राहिले. मी वाटेत आडवा आलो. "तुम्ही सांगा, मी करतो." त्यांनी सांगितलं: हीटर लावून केलर बावीस अंशावर न्यायची, आणि पिंप हळू डुलवायचं, तळाशी बसलेली यीस्ट उठेल एवढंच, हवा आत जाता कामा नये. मी केलं. कोणी आजारी माणसाला कूस बदलून द्यावी तसं पिंप डुलवलं.

चौदाव्या दिवशीही नऊ.

मी केलरमधूनच आईला फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं चालली होती. मी तिला सगळं सांगितलं, बिअरचं सोडून. म्हटलं, म्हाताऱ्यांचं एक औषध मी खाली तयार करतोय, ते बिघडलंय.

"अरे, मग आजारी माणसाला कशाला सांगतोस ते? होतंय म्हणावं नीट."

"ते आकडा विचारतात, आई."

"मग चांगला आकडा सांग! तुझं काय जातंय? त्यांना रात्री झोप तरी लागेल."

मी वर गेलो आणि म्हणालो, "साडेआठ."

"तुम्ही स्वतः वाचलंत?"

"हो."

त्यांनी टिंब टाकलं आणि खुर्चीत मागे टेकले. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. आणि हे काही मला नवीनही नव्हतं. माझ्या वडिलांच्या यकृताचं निदान झालं तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो. मामा, काका, डॉक्टर, सगळ्यांनी ठरवलं की त्यांना कावीळ म्हणून सांगायचं. ते मलाच विचारायचे, कारण रिपोर्ट इंग्रजीत असायचे आणि घरात इंग्रजी येणारा मी एकटा. मी त्यांच्यासमोर कागद धरून वाचल्यासारखं करायचो आणि म्हणायचो, "नॉर्मल आहे, बाबा. थोडं जास्त आहे, पण नॉर्मल." ते मान हलवायचे. माझ्या शिक्षणाचा त्यांना झालेला पहिला उपयोग तो होता. त्यांनी त्या महिन्यात सायकलला नवे टायर घातले होते.

पंधराव्या दिवशी मी आठ सांगितलं. सोळाव्या दिवशी साडेसात. सतराव्या दिवशी सात. काटा खाली नऊवरच होता. मला वाटायचं, आज ना उद्या ती उतरेल आणि माझे आकडे खरे होतील. ते रोज विचारत, तुम्ही स्वतः वाचलंत? मी रोज हो म्हणायचो. खिडकीत त्यांनी एका बाटलीत थोडी यीस्ट साखरपाण्यात जागी करायला ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाले, ब्रेडसाठी.

अठराव्या दिवशी मी घरी आलो तर दिवाणखान्यात यंत्र चालू होतं आणि नळी केलरच्या उंबऱ्यापाशी जमिनीवर पडली होती.

ते तिसऱ्या पायरीवर बसले होते, खालून तिसऱ्या. ओठ निळे. गळ्यात टाय. भिंतीला डोकं टेकलेलं. पिंपाशेजारी खिडकीतली ती बाटली रिकामी पडली होती.

"नऊ," ते म्हणाले. दोन श्वास घेतले. "हेर इंजेन्योर, नऊ."

मी त्यांना उचललं. इतके हलके असतील असं वाटलं नव्हतं. वर आणून नळी लावली, ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती येईपर्यंत ते तुटक तुटक बोलत होते.

"रोज अर्धा. सरळ रेषेत. कुठलीही यीस्ट सरळ रेषेत उतरत नाही. रात्रपाळीचे बॉयलरवाले असं लिहायचे... वाफेचा दाब न बघता. मी कागद बघून ओळखायचो."

"मग मला बोलला का नाहीत?"

"विचारलं ना. रोज." त्यांनी डोळे मिटले. "पंधराव्या दिवशी खरं सांगितलं असतंत तर ती बाटली तुम्ही ओतली असती. दमलेल्यांना उठवून उपयोग नसतो. ताजी, उसळी मारणारी घालावी लागते. आणि पुढे तुमचे पाच ऐकून बाटल्यांत भरली असती, तर पुढे जागी होऊन सगळ्या फुटल्या असत्या. काच. तुमच्या हातात."

मला रडू येत होतं. "तुम्ही खाली जाल म्हणून मी..."

"आणि गेलो."

मुलीला मीच फोन केला आणि सगळं सांगितलं, माझ्या आकड्यांसकट. मग ती म्हणाली, "आई आजारी होती तेव्हा ती त्याला रक्ताचे रिपोर्ट विचारायची. तो रोज नाश्त्याला वाचून दाखवायचा. दशांश चिन्हासकट. तिचा ब्रेड हातात तसाच राहायचा. मी त्याला म्हणायचे, पपा, एकदा तरी खोटं बोल. आणि आता तुम्ही बोललात, तर हे झालं."

हॉस्पिटलातून त्यांना थेट हाइममध्ये नेलं. घरात परत पाऊल ठेवू दिलं नाही. मुलीने दिलेला शब्द पाळला.

मी एक दिवसाआड गच्च भरलेल्या बसने तिकडे जायचो. शहराच्या कडेला, मोठ्या काचा, सूप आणि फिनेलचा वास. त्यांच्या खोलीत एकच घड्याळ होतं आणि ते किती चुकतं हे त्यांनी कोणाला विचारलं नाही. मी खरे आकडे सांगायचो. त्यांच्या बाटलीने काम केलं होतं, पण अर्धवट. साडेआठ. आठ. सात पूर्णांक सहा दशांश. साडेसात. साडेसात. साडेसात. ते आता टिंब टाकत नव्हते. नुसतं ऐकायचे. 'तुम्ही स्वतः वाचलंत?' हेही विचारायचे नाहीत, आणि ते मला शिक्षेसारखं वाटायचं.

एका मंगळवारी मुलगी तिथे होती. तिने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे. फार तर तीन. मला नाही सांगता येत त्याला. इतकी वर्षं त्याच्यावर रागावले आणि आता मीच गप्प बसलेय. तुम्हीही सांगू नका." तिला त्याच संध्याकाळी हॅनोव्हरला परतायचं होतं, शाळेत परीक्षा होत्या. रविवारी येणार होती.

ती गेल्यावर मी आत बसलो. ते छताकडे बघत होते.

"डॉक्टर तिला काय म्हणाले?"

मी पाणी ओतलं. ग्लास त्यांच्या हातात दिला.

"हेर इंजेन्योर."

"दोन आठवडे," मी म्हणालो. "फार तर तीन."

मला वाटलं होतं, ते म्हणतील गेनाऊ. किंवा विचारतील, कशावरून, कोणत्या मोजमापावरून. त्यांनी तसं काही केलं नाही. त्यांच्या हातातल्या ग्लासातलं पाणी पांघरुणावर सांडलं. ते घाबरले होते. साधे, उघडे, लहान मुलासारखे घाबरले होते. मी ग्लास काढून घेतला आणि हात धरला, तर त्यांनी तो इतका घट्ट पकडला की माझ्या अंगठीचा वळ उठला. बाहेर नर्स जेवणाच्या ट्रॉल्या ढकलत होत्या.

शेवटी ते म्हणाले, "ती रविवारी येणार ना?"

"हो. आजच बोलावू का परत? अजून स्टेशनवर असेल."

"नको. तिच्या परीक्षा आहेत." त्यांनी मनातल्या मनात मोजलं, ओठ हलताना मला दिसले. "तिला एक सांगायचंय. रविवारी सांगेन. दोन आठवडे आहेत. रविवार पुरेसा आहे."

शुक्रवारी दुपारी जेवणानंतर ते गेले.

मी सांगितलेला तो आकडा खरा होता. डॉक्टरांनी सांगितला तसाच, काही न लपवता सांगितला होता. तरी त्याच्यावर भरवसा ठेवून त्यांनी तीन दिवस गप्प बसून काढले, आणि तीही तिकडे पेपर तपासत बसली.

नोव्हेंबरअखेर ती घर रिकामं करायला आली. वरचं सगळं झाल्यावर आम्ही केलरमध्ये उतरलो. पिंपात तीस लिटर बिअर होती, साडेसातवर थांबलेली. बाटलीत भरण्यासारखी नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ओतून टाका. जमिनीत मध्यभागी लोखंडी जाळी होती, तिच्यात आम्ही बादली बादली ओतत होतो. तळघरभर काकवीचा गोड, जड वास सुटला.

तेव्हा मी तिला मंगळवारचं सांगितलं. तिने नको म्हटलं असतानाही मी त्यांना सांगितलं, ते घाबरले, आणि रविवारबद्दल काय म्हणाले. ती बादली हातात धरून ऐकत होती.

"मला काय सांगायचं होतं त्याला?"

माझ्याकडे उत्तर होतं. एक नाही, चार-पाच होती. तुझ्या आईच्या आजारपणात मी चुकलो. तू बरोबर होतीस. कोणतंही चाललं असतं, आणि तपासायला कोणी उरलं नव्हतं. तिचे डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले होते.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "ते बोलले नाहीत. मी विचारलंही नाही."

जाळीवर फेस साचून राहिला होता, तो हळूहळू बसेपर्यंत आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत होतो. मग तिने बादली माझ्यापुढे धरली, आणि मी पुन्हा पिंपाची तोटी उघडली.